बघू, घाई काय आहे!

वस्तू घरात आली की तिच्याविषयी बोलण्यातली मजा संपते, हे उपजत कळलेला एक तरी माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तो दुसऱ्या मजल्यावर राहतो. दारावरची पाटी वेगळं आडनाव सांगते, पण वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना बघूकाका म्हणतात. काकांना हे ठाऊक आहे आणि त्यांना त्यात काही गैर वाटत नाही.

काका बँकेत कर्जविभागात होते. लोकांची प्रकरणं तपासायची आणि ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे’ असा शेरा मारून परत पाठवायची, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर तपासायला प्रकरणं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी घरातल्या गरजा हातात घेतल्या. मिक्सरचं प्रकरण निकाली निघालं तेव्हा जुना मिक्सर भंगारवाल्यानेही नाकारला होता. सध्या टेबलावर आहे ते वॉशर-ड्रायरचं प्रकरण: एकाच ड्रममध्ये धुणार, पिळणार आणि वाळवूनही देणार असं यंत्र.

मागणी काकूंची, आणि मागणीत दम आहे. जुलैत आमच्याकडे ड्राय बाल्कनीत फक्त बिल्डरचं माहितीपत्रक वाळू शकतं. म्हणून कपडे हॉलमध्ये येतात. पंख्याखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या. पाहुण्याने दारातून सोफ्यापर्यंत पोचायचं तर आधी दोन परकर बाजूला सारायचे, मग चादरीखालून वाकायचं. टॉवेलांना तिसऱ्या दिवशी जो कुबट वास येतो त्यावर कापूर, डांबरगोळ्या, उदबत्ती सगळे हरलेत. काकू एकदा चादरीच्या पलीकडून म्हणाल्या, “अहो, एक तर ते मशीन आणा, नाहीतर पाऊस तरी थांबवा.”

“आधी नीट बघू,” काका म्हणाले, आणि त्यांनी नवी वही काढली.

कोणी साधा माणूस असता तर दुकानात गेला असता. काकांनी प्रवासाच्या बॅगा तोलायचा हूकवाला काटा काढला आणि स्वयंपाकघराच्या दाराला टांगला. त्याला आधी कोरडा टॉवेल लावला: 500 ग्रॅम. तोच टॉवेल भिजवून, जुन्या मशीनमध्ये पिळून पुन्हा लावला: 850. चष्मा कपाळावर सरकवून ते काही वेळ आकड्याकडे पाहत राहिले आणि मग मला म्हणाले, “साडेतीनशे मिली पाणी. एका टॉवेलात. आणि आपण म्हणतो, पिळून काढलाय!”

पुढचं गणित मला उभ्याउभ्या ऐकावं लागलं. नव्या मशीनचा ड्रम मिनिटाला 1400 फेरे घेतो, म्हणजे तो जास्त घट्ट पिळणार. तरी सुती कपड्यांत त्यांच्या वजनाच्या निम्मं पाणी राहतंच. पाच किलो कपडे म्हणजे अडीच लिटर. एक लिटर पाण्याची वाफ करायला 0.63 युनिट वीज लागते. कंपनी कुठलीही असो, निसर्ग यात सूट देत नाही. म्हणजे दीड युनिटाच्या वर नुसत्या वाफेला गेलं. यंत्र तापणं, उष्णता निसटणं धरलं की अडीच-तीन. रोज लावलं तर महिन्याला नव्वद. “आणि महिन्याला 300 युनिटांच्या वर गेलं की वरच्या युनिटांचा दर बदलतो,” हे शेवटचं वाक्य काकांनी दरवाजा लावून, हळू आवाजात सांगितलं.

हे सगळं बरोबर आहे, हीच काकांची अडचण. चुकीचं बोलणाऱ्याला गप्प करता येतं.

खरी मेजवानी त्यांना मिळाली ती क्षमतेच्या कलमात. मशीनवर मोठ्या अक्षरात आठ किलो लिहिलेलं असतं, ते धुण्याचं. वाळवण्याचं त्याखाली, बारीक: पाच किलो. वाळायला कपड्यांना ड्रममध्ये मोकळं उलटंपालटं व्हावं लागतं, हवा खेळावी लागते. म्हणून आठ किलो धुतले तर तीन किलो ओले बाहेर काढायचे. “आणि ते कुठे घालायचे?” काकांनी बोट वर केलं. वर दोरी होती. दुसरं कलम वेळेचं: धुण्यापासून वाळेपर्यंत पाच-सहा तास, आणि तोवर ड्रम अडकलेला. तिसरं कलम मात्र त्यांनी राखून ठेवलं होतं. यातली बरीच मशीनं कपड्यांतून निघालेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करायला नळाचं गार पाणी घेतात. “म्हणजे कपडे वाळवायलाही पाणी लागतं! आपल्याकडे मे महिन्यात टँकर येतो, आणि हे वाळवायला पाणी मागतंय!” असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मग वहीत ‘पर्याय’ असं पान उघडलं गेलं. हीट पंपवाला ड्रायर जवळजवळ निम्म्या विजेत काम भागवतो, कमी तापतो, कपडे कमी आटतात. पण किंमत वाचून काकांनी स्वतःच पान उलटलं. वेगळा ड्रायर घेऊन तो वॉशिंग मशीनच्या डोक्यावर चढवला तर एक घाणा वाळेपर्यंत दुसरा धुऊन होतो. हा पर्याय मला एकदम पटला, म्हणून काकांनी तो संशयाने बाजूला ठेवला.

एवढं झाल्यावर आम्ही दुकानात गेलो. तिथला मुलगा काकांना ओळखत होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे निघून गेला. काकांनी बरोबर टेप आणली होती. मशीन रुंदीला 60 सेंटिमीटर. आमच्या इमारतीत ड्राय बाल्कनीचं दार दोन फुटी, म्हणजे 61 सेंटिमीटरला किंचित कमी. “दोन्ही बाजूंना मिळून साडेनऊ मिलिमीटर,” काका म्हणाले. “आणणाऱ्यांची बोटं कुठे जाणार?” मुलगा धीराचा होता. म्हणाला, “काका, पावसाळ्यात टॉवेल मऊ आणि कोरडे मिळतात. बाकी काही बघू नका.” मला वाटतं सबंध प्रकरणात हे एकच मुद्द्याचं वाक्य होतं. काकांनी ते वहीत लिहिलं नाही.

काकांच्या या अभ्यासाचा कोणालाच उपयोग नाही असं मात्र म्हणता येणार नाही. त्या वहीच्या जोरावर पहिल्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याने वॉशर-ड्रायर कॉम्बो घेतला. दोघंच आहेत, पाच किलो त्यांना रग्गड होतात, रात्री लावून झोपतात. समोरच्या विंगमध्ये सहा माणसांच्या घरात वेगळा ड्रायर आला. तळमजल्यावरच्या आजींना काकांनी दोन्ही घेऊ दिले नाहीत, पुलीवाला स्टँड लावून दिला, आणि नऊवारी कशात घालायची नाही तेही समजावलं. तिघंही खूश आहेत. जोडप्याने तर काकूंना सांगून ठेवलंय, अडलंनडलं तर तुमचे टॉवेल खुशाल आणून टाका. काकू टाकतात. काकांना ते टॉवेल आपल्याच पंख्याखाली वाळले असं वाटतं, आणि “बघ, दोरीवरही वाळतात की!” म्हणून ते काकूंना दाखवतात. काकू काही बोलत नाहीत.

परवा मी त्यांच्याकडे पेपर आणायला गेलो, तर काका फोनवर होते. दुकानातल्या त्याच मुलाचा फोन. एक गिऱ्हाईक अडून बसलं होतं, काका जरा बोलता का? काका बोलले. घरात माणसं किती, दार किती फुटी, पाणी किती वाजता येतं, महिन्याला युनिटं किती, सगळं विचारलं आणि ठामपणे सांगितलं, “घेऊन टाका. तुमच्यासाठी कॉम्बोच. दोरीवर आयुष्य घालवू नका.” पलीकडच्याने तिथल्या तिथे कार्ड काढलं असावं, कारण मुलगा फोनवरून “थँक्यू काका!” असं ओरडलेलं मलाही ऐकू आलं.

काकांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि मान हलवत मला म्हणाले, “घाई केली त्यांनी. दसऱ्याला नवीन मॉडेलं येतात.”