शनीचे 274 चंद्र आणि कोरियाचा राजा

"काकू, तुमच्या शनिमहाराजांची बातमी ऐकलीत का?"

"कसली गं? साडेसाती वाढवली की काय त्यांनी?"

"साडेसाती नाही, गोतावळा वाढलाय. मार्च 2025 मध्ये एका दमात 128 नव्या चंद्रांची नोंद झाली. तेव्हा एकूण 274 झाले."

"अगं बाई! आणि मोजत कोण बसलं होतं?"

"तैवानमध्ये तैपेईला अकादेमिया सिनिका नावाची मोठी संशोधन संस्था आहे. तिथला एडवर्ड ॲश्टन आणि त्याचे सोबती. दुर्बीण हवाई बेटांवरची. चंद्र म्हणायचं इतकंच, बाकी धोंडेच ते. बरेचसे काही किलोमीटरचे. आणि त्यातले पुष्कळसे शनीच्या उलट दिशेने फिरतात."

"म्हणजे घरात राहून घरच्यांच्या विरुद्ध. आहेत आमच्याकडेही तसे."

"आणि दोघांची तर गंमतच. जेनस आणि एपिमिथियस. त्यांच्या कक्षांमध्ये अंतर फक्त 50 किलोमीटर आणि दोघंही त्याहून रुंद. म्हणजे आतला मागून आला की टक्कर ठरलेली. पण होत नाही. जवळ आले की एकमेकांच्या ओढीनं आतला बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. दर चार वर्षांनी अदलाबदल."

"बिऱ्हाडं बदलतात म्हण की! भावाभावांत इतका समजूतदारपणा पृथ्वीवर दिसत नाही. पण ते राहू दे. मी शनिवारचा उपास धरते तो एका शनीसाठी. 274 चंद्रांचा हिशेब मला सांगू नकोस."

"उपासावरून आठवलं. आमची लेक जपानी शिकतेय ना, परवा वार पाठ करत होती. जपानी वारांची नावं आहेत सूर्य, चंद्र, अग्नी, पाणी, लाकूड, धातू, माती, आणि प्रत्येकापुढे वार."

"लाकूडवार? हे काय भलतंच!"

"भलतं नाही. चिनी लोकांनी पाच ग्रहांना पाच तत्त्वं वाटून दिली होती. मंगळ अग्नीचा, बुध पाण्याचा, गुरू लाकडाचा, शुक्र धातूचा, शनी मातीचा. आता पुन्हा म्हणून बघा."

"सूर्य... चंद्र... मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. अय्या! आपलेच वार की!"

"अगदी त्याच क्रमानं. टोकियोत आज ज्या ग्रहाचा वार, त्याच ग्रहाचा वार पुण्यात. कोरियातही तसंच. चीनमध्ये मात्र आता रविवार सोडून बाकी वारांना नुसते आकडे आहेत."

"पण हा क्रम काही आकाशात दिसत नाही गं. तो होऱ्यांवरून निघतो, माझे सासरे सांगायचे. सगळ्यांत हळू शनी, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, आणि सगळ्यांत चपळ चंद्र. एकेका तासाला एकेक मालक. शनिवारी पहिला तास शनीचा. सातांचे तीन फेरे झाले की 21 तास संपले. बाविसावा परत शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. पुढचा तास म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला. तो कुणाचा? रवीचा. म्हणून शनिवारनंतर रविवार."

"वा काकू! हे मला एवढं सरळ कुणीच सांगितलं नव्हतं."

"मग हा हिशेब जपानात कुणी नेला? आपलेच लोक गेले असणार."

"गेले ना. अमोघवज्र नावाचे बौद्ध आचार्य आठव्या शतकात चीनमध्ये होते. त्यांनी 759 मध्ये नक्षत्रं, ग्रह आणि वार यांचा एक ग्रंथ चिनीत आणला. कुकाई नावाचा जपानी भिक्षू चीनमध्ये शिकायला गेला होता, तो 806 मध्ये परतताना हा ग्रंथ घेऊन आला. पुढे जपानी दरबारातल्या पंचांगांत रविवारच्या जागी 'मित्सु' असं लिहायला लागले. तो शब्द मध्य आशियातल्या सोग्दियन व्यापाऱ्यांचा, त्यांच्या सूर्याच्या नावावरून आलेला. पण रविवारची सुट्टी मिळायला जपान्यांना 1876 साल उजाडावं लागलं."

"हजार वर्षं रविवार आहे आणि सुट्टी नाही! आम्हा बायकांसारखंच."

"पण काकू, चिनी लोकांनी वाटून दिलेल्या त्या तत्त्वांची आज कशी फजिती झालीय बघा. मंगळ अग्नीचा, तर तिथे सरासरी तापमान शून्याखाली 60 अंश. शनी मातीचा म्हणे, आणि त्याची घनता पाण्याहून कमी. बुध पाण्याचा, आणि तिथे दुपारी 430 अंश."

"मग पाणी कुठलं? वाफ!"

"तिथेच तर फसतो आपण. बुधाच्या ध्रुवांजवळ अशी विवरं आहेत की त्यांच्या तळाला ऊन कधी लागतच नाही. तिथे बर्फ आहे. मेसेंजर यानाच्या निरीक्षणांनी 2012 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं."

"बघ! म्हाताऱ्या माणसांना उगीच हसू नये."

"आणि बुधावरचा बुधवार किती लांब असेल? त्याचं वर्ष आपल्या 88 दिवसांचं, पण एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत 176 दिवस."

"म्हणजे एका दिवसात दोन वर्षं? सकाळी वाढदिवस झाला की झोपायच्या आत दुसरा!"

"शुक्राचा तोरा आणखी वेगळा. तो उलटा फिरतो, त्यामुळे सूर्य पश्चिमेला उगवतो. स्वतःभोवती एक फेरी 243 दिवसांत आणि सूर्याभोवती 225 दिवसांत."

"स्वतःभोवती फिरायलाच जास्त वेळ. म्हणून दिसायला इतका झगझगीत. पण काय गं, वार आपले, तसं लिपीत काही आपलं नाही का? ती तर चित्रंच चित्रं दिसतात."

"चित्रं म्हणजे कानजी, ती चीनची. पण जपान्यांची स्वतःची अक्षरंही आहेत. लेकीच्या वहीत त्यांचा तक्ता आहे. आधी अ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा."

"थांब. क... त, न... म, य, र, व. ही तर आपली वर्णमाला, मधली काही अक्षरं गाळलेली. पण 'च'च्या जागी सा आणि 'प'च्या जागी हा कसा?"

"कारण आजचा 'हा' फार पूर्वी 'पा' होता. 'सा'चा उच्चारही तेव्हा चकाराच्या जवळचा असावा, असं अभ्यासक म्हणतात. ते धरलं की क, च, त, न, प, म, य, र, व. टवर्ग त्यांच्या बोलण्यातच नाही. जपानी भिक्षू मंत्रांसाठी संस्कृत शिकायचे, सिद्धम् लिपीत. ती लिपी आपल्याकडे केव्हाच मागे पडली, पण जपानातल्या शिंगोन पंथाच्या देवळांत आणि थडग्यांवर बीजाक्षरं अजून तिच्यातच लिहितात. संस्कृतची वर्णव्यवस्था हाताशी होती, तिच्यावरून त्यांनी आपली अक्षरं लावली."

"म्हणजे आमच्या बाराखडीनं केवढा प्रवास केला बाई! आणि ती अक्षरं कुणी काढली?"

"चिनी अक्षरं झरझर लिहिता लिहिता मोडत गेली, त्यातून हिरागाना झाली. पुरुष मंडळी दरबारात चिनीत लिहायची, म्हणून या लिपीला बायकांचा हात म्हणत. आणि मग बायकांनी तिच्यात असं काही लिहिलं की पुरुषच मागे राहिले. मुरासाकी शिकिबूची गेंजीची कथा अकराव्या शतकाच्या सुरुवातीची. त्याआधी साधारण 935 मध्ये की नो त्सुरायुकी नावाच्या सरदाराला तोसा प्रांतातून क्योतोला परततानाची रोजनिशी या लिपीत लिहायची होती. तर त्यानं ती बाईच्या तोंडून लिहिली!"

"मिशीवाला बाई झाला? छान!"

"चीनमध्ये तर एका बाईनं अक्षरंच बदलली. वू झतियान. 690 मध्ये स्वतःच्या नावानं गादीवर बसली, चीनची एकमेव सम्राज्ञी. तिनं सूर्य, चंद्र, आकाश, तारा यांसाठी नवी अक्षरं काढली. तारा म्हणजे नुसतं वर्तुळ. आणि स्वतःच्या नावासाठी अक्षर केलं ते सूर्य आणि चंद्र वर, खाली आकाश."

"नाकापेक्षा मोती जड नव्हे, नाकच सोन्याचं! पुढे?"

"705 मध्ये ती गेली आणि अक्षरं रद्द झाली. तिच्या नावाचं अक्षर अजून शब्दकोशात राहिलंय."

"तरी मला तुझा कल समजला. वार आपले, वर्णमाला आपली. सगळं इथूनच गेलं."

"वर्णमालेचं खरं, काकू. पण वार आपले नव्हेत. तुमचा तो होऱ्यांचा हिशेब ग्रीक आणि रोमन जगातून आपल्याकडे आला. भारतातल्या शिलालेखांत वाराचा जुन्यातला जुना उल्लेख मध्य प्रदेशात एरणला आहे, 484 सालचा. दिवस गुरुवार. वेदांत वार नाहीत."

"हं. म्हणजे आम्ही मधले अडते."

"अडत्यांनी माल खराब केला नाही, हेही काही कमी नाही. पण उसना माल घेतल्यावर काय करावं, ते खरं कोरियाच्या राजानं दाखवलं. सेजोंग त्याचं नाव. 1422 मध्ये सूर्यग्रहण होतं. राजा साधी पांढरी वस्त्रं नेसून अंगणात उभा, सारा दरबार बरोबर. आणि वर्तवलेली वेळ पाव तासानं चुकली."

"पाव तास? आमच्याकडे मुहूर्त तासभर हलतो."

"तिथे गणित करणाऱ्या अधिकाऱ्याला फटके पडले. पण बिचाऱ्याचा दोष किती? पंचांग चिनी. ते चीनच्या राजधानीवरच्या आकाशासाठी केलेलं, आणि ग्रहण बघायचं सोलमध्ये. सेजोंगच्या ते ध्यानात आलं. त्यानं वेधयंत्रं करवून घेतली, चिनी आणि अरबी दोन्ही गणितं मागवली आणि सोलच्या आकाशासाठी नवा ग्रंथ तयार करवला. चिलजोंगसान, म्हणजे सूर्य, चंद्र आणि पाच ग्रहांचं गणित."

"सातच. म्हणजे पुन्हा आपले वार!"

"आणि त्याच वर्षांत, 1443 मध्ये, त्यानं कोरियनची नवी लिपी तयार केली. हांगुल. तक्रार तीच होती. कोरियन बोलणं वेगळं आणि लिहायला चिनी अक्षरं, त्यामुळे साध्या माणसाला लिहिताच येत नाही. मग त्यानं तोंडाकडे बघून अक्षरं काढली. 'क'चं अक्षर म्हणजे घशाकडे उचललेली जीभ, 'न'चं म्हणजे वरच्या दातांमागे टेकलेलं जिभेचं टोक, 'म' म्हणजे तोंडाचा चौकोन."

"आणि पंडित गप्प बसले?"

"छे! 1444 मध्ये चे मानरी नावाचा विद्वान आणखी काही जणांना घेऊन राजापुढे अर्ज करता झाला. स्वतःची लिपी मंगोल, तिबेटी, जपानी असल्या रानटी लोकांना असते, चीनजवळच्या सुसंस्कृत देशाला ती शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. राजानं त्यांना एक रात्र कोठडीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. 1446 मध्ये लिपी जाहीर केली. दक्षिण कोरियात तिच्यासाठी 9 ऑक्टोबरला सार्वजनिक सुट्टी असते."

"आणि जपान्यांच्या पंचांगाचं काय झालं?"

"त्यांनी फार उशीर केला. 862 मध्ये घेतलेलं चिनी पंचांग आठशे वर्षं तसंच चालवलं. शेवटी दक्षिणायन संपायचा दिवस दोन दिवसांनी चुकायला लागला. तेव्हा शिबुकावा शुनकाई नावाच्या माणसानं स्वतः वेध घेऊन 1685 मध्ये नवं पंचांग लागू करवलं."

"आपल्या केरूनानांसारखं."

"छत्रे? हो ना. त्यांनी 1860 मध्ये ग्रहसाधनाची कोष्टकं काढली, तीही युरोपातल्या गणितावरून. पुढे त्यावरून नवं पंचांग निघालं आणि त्यावर केवढे वाद झाले!"

"आमच्या सासऱ्यांच्या वेळेपर्यंत चालू होते. एका घरात दोन पंचांगं आणि दोन दिवाळ्या. पण मी सांगते, उसनं आणायला लाजू नये. सगळ्यांनीच आणलंय, अगदी वारसुद्धा. आणल्यावर मात्र आपल्या डोक्यावरच्या आभाळाशी आणि आपल्या जिभेशी ताडून बघावं. त्या राजानं ते केलं, म्हणून तो शहाणा. फटके मात्र नको होते द्यायला."

"पटलं, काकू."

"आणि लेकीला सांग, तो अक्षरांचा तक्ता घोकत बसू नकोस, तो घरचाच आहे. चित्रं किती शिकायची म्हणालीस?"

"रोजच्या वापरासाठी जपान सरकारनं ठरवलेल्या कानजी 2136 आहेत."

"मग त्या मात्र घोकाव्याच लागतील. त्याला पंचांगात उपाय नाही."