मागचं तेल

फियाट बाळगणाऱ्या माणसाला रस्त्यात कुणीही अडवतं आणि हमखास दोन प्रश्न विचारतं. "ॲव्हरेज किती देते?" आणि "विकायची आहे का?" पहिल्याचं खरं उत्तर देववत नाही आणि दुसऱ्याचं ऐकून घेतलं जात नाही. पण "मागे तेल कुठलं घालता?" असं आजवर एकाही भल्या गृहस्थाने विचारलेलं नाही. वास्तविक माझी सगळी तयारी याच प्रश्नाची आहे.

मागे म्हणजे डिफ्रन्शियलमध्ये. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढची चाकं ओढत नेतात. फियाटला मागची चाकं ढकलतात. इंजिन पुढे, त्याच्या पाठीला गिअरबॉक्स, तिथून प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागे येतो आणि दोन चाकांच्या मधल्या एका गरगरीत लोखंडी हाउसिंगमध्ये शिरतो. आत पिनियन आणि क्राऊन. शाफ्टचं फिरणं काटकोनात वळवून चाकांना द्यायचं, हे त्यांचं काम. त्यांच्याच पोटात चार छोटी दातेरी चाकं असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं असतं आणि आतल्याला कमी, तेव्हा दोघांनाही आपापल्या चालीने जाऊ द्यायचं, हे त्यांचं काम. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतच ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती काढली. मोटार तेव्हा जन्मालाही यायची होती.

बाहेरचं चाक किती जास्त पळतं, याचं गणित मोठं मजेदार आहे. मंडईला एक प्रदक्षिणा घाला किंवा पुण्याचा रिंगरोड कधीकाळी पुरा झालाच तर त्यावरून अख्ख्या शहराला घाला. सुटलात तिथेच परत आलात की फरक तेवढाच. दोन चाकांमधलं अंतर गुणिले दोन पाय. फियाटच्या बाबतीत साधारण साडेसात मीटर. वर्तुळ लहान की मोठं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे मी घरी जेवताना कागदावर काढून दाखवलं. ही म्हणाली, "बरं मग?" या प्रश्नाला गणितात उत्तर नाही.

१९६४ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी ‘डिलाइट’ म्हणून बाहेर पडू लागली, पुढे ‘प्रेसिडेंट’ झाली, मग ‘पद्मिनी’. लोकांनी तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा तिच्या मीटरबद्दल, टपावरच्या कॅरिअरबद्दल, आतल्या फुलाफुलांच्या छताबद्दल लोकांनी गहिवरून लिहिलं. वर्षानुवर्षं दिवसरात्र ढकलत राहिलेल्या डिफ्रन्शियलबद्दल एक ओळ माझ्या वाचनात आली नाही. जे मागे राहून काम करतं आणि आवाज करत नाही, त्याच्या वाट्याला हे यायचंच.

आवाज मात्र त्याने केला की सगळे सल्लागार जागे होतात. माझ्या गाडीच्या मागून चाळीसच्या पुढे एक बारीक ‘ऊंऽऽ’ यायला लागला आणि तेलाचा विषय निघाला.

आमच्या सोसायटीतले अप्पा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला (दुखणं मागे असलं तरी जुना माणूस हात बॉनेटवरच ठेवतो) आणि निकाल दिला, "एकशेचाळीस घाल. जाड तेल. आवाज बंद." भाचा संगणकवाला. तो म्हणाला, "मामा, फुल सिंथेटिक घ्या. पंच्याहत्तर डब्ल्यू नव्वद. बेस्ट आहे." आणि आमचे मिस्त्री, ज्यांना सगळा परिसर उस्ताद म्हणतो, ते गाडीखालूनच म्हणाले, "साहेब, ईपी नव्वद टाका आणि विसरून जा."

विसरून जा! हा सल्ला जुन्या गाडीच्या मालकाला द्यायचा असतो का?

मी वाचायला बसलो. पहिला धक्का आकड्यांचा. इंजिनात पन्नास नंबरचं तेल असेल तर डिफ्रन्शियलमधलं नव्वद त्याच्या जवळजवळ दुप्पट दाट असणार, असं कुणालाही वाटतं. तसं काही नाही. दोघांचे नंबर मोजायच्या पट्ट्याच वेगळ्या. गिअरचं नव्वद हे इंजिनाच्या चाळीस-पन्नासच्याच घरातलं असतं. चपलेचा सात नंबर चष्म्याच्या दोन नंबरपेक्षा मोठा म्हणण्यातला हा प्रकार आहे.

मग भाच्याचं ‘पंच्याहत्तर डब्ल्यू’. यातला डब्ल्यू थंडीचा. उणे चाळीस अंशांतही हे तेल गोठून बसत नाही, अशी त्याची परीक्षा घेतलेली असते. पुण्यात पारा आठावर उतरला की वर्तमानपत्रं पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो छापतात. उणे चाळिसाची सोय बॅरल भरून आणली तरी ती वापरायला मला गाडी घेऊन सैबेरियात जावं लागेल, आणि माझी गाडी कात्रजच्या घाटात तापते. तेल उत्तम आहे यात वाद नाही. पण पन्नाशीकडे झुकलेल्या रबरी सीलांना त्या उत्तमपणाचं काय करायचं?

अप्पांचं एकशेचाळीस एसटीच्या बोज्याला शोभणारं. क्राऊनचा खालचा भाग तेलात बुडलेला असतो. तो फिरतो आणि तेल वर उडवतो, त्यावरच आतले सगळे दाते आणि बेअरिंगं जगतात. तेल फार जाड झालं की ते सावकाश उठतं, सावकाश पोचतं आणि इंजिनाची ताकद खातं. आवाज दबतो हे खरं, पण दाते झिजले असतील तर ते तसेच राहतात. जुन्या गाड्या विकणारे काही इरसाल लोक डिफ्रन्शियलमध्ये लाकडाचा भुसा घालत असं म्हणतात. गाडी गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत शांत जाते.

खरी गोम नंबरात नाही, ‘ईपी’त आहे. पूर्वी पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यावर टेकायचा. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने पिनियन मध्याच्या खाली सरकवायची तऱ्हा काढली. तिला हायपॉइड म्हणतात. शाफ्ट खाली गेला, गाडीची बैठक खाली आली, आवाज कमी झाला. पण हे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात, आणि सरकताना मधलं तेल पुसून काढतात. साधं तेल तिथे टिकत नाही. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरस घालतात. ‘ईपी’ ती हीच. दात्याला दाता भिडून ऊन झाला की गंधक लोखंडाशी संयोग पावून एक पापुद्रा धरतं. झिजायचं ते पापुद्र्याने, दात्याने नाही. पापुद्रा गेला की दुसरा धरतो.

एके काळी या कामाला स्पर्म व्हेल नावाच्या देवमाशाचं तेल गंधक मिसळून वापरत. १९७० साली अमेरिकेने त्या देवमाशाला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातलं आणि कारखानदार पर्याय शोधू लागले. वाळवंटातल्या होहोबाच्या बियांचं तेल अनेकांना त्याच्या जवळचं सापडलं. आज ते शांपूच्या बाटलीवर दिसतं. हिने तशी बाटली आणली तेव्हा मी हे सांगायला तोंड उघडलं होतं.

आता डब्यावरचं ‘जीएल’, म्हणजे गिअरच्या तेलाची प्रत. यातले चार आणि पाच हे दोनच आकडे आपल्या कामाचे. पाचात गंधकाचा मसाला चाराच्या साधारण दुप्पट. हायपॉइडच्या दात्यांना तो मानवतो. पण गिअरबॉक्समधल्या सिंक्रोच्या कड्या पितळी असतील तर हाच मसाला त्यांना हळूहळू खातो. म्हणजे मागे जे औषध, ते पुढे अपाय. एकच डबा आणून दोन्हीकडे ओतणाऱ्याचे पैसे वाचतात आणि कड्या जातात.

एवढी शिदोरी घेऊन मी नाना पेठेत गेलो. दुकानदार फोनवर बोलत होता. मी म्हटलं, "फियाट. डिफ्रन्शियलला हवंय. हायपॉइड आहे, तेव्हा जीएल पाच, पण व्हिस्कॉसिटीच्या बाबतीत..." त्याने फोन कानाला तसाच ठेवून एक लिटरचा डबा काउंटरवर आपटला आणि बोटांनी रक्कम दाखवली. डब्यावर लिहिलं होतं, ईपी नव्वद, जीएल पाच.

उस्तादांनी गाडी थोडी फिरवून आणायला सांगितली. ऊन तेल लवकर उतरतं. मग त्यांनी आधी वरचा, भरायचा प्लग सोडवला. खालचा आधी का नाही, असं मी विचारलं. "खालचा खोलला, तेल गेलं, आणि वरचा जाम निघाला तर? गाडी इथेच ठेवून जाणार का?" त्या एका वाक्यात एका आयुष्याचा अनुभव होता. खालचा प्लग निघाल्यावर काळंशार तेल संथ धारेने ट्रेमध्ये पडू लागलं आणि गंधकाचा तो सडक्या अंड्यासारखा वास सुटला. उस्तादांनी प्लगवरची करडी मळी अंगठा आणि तर्जनीत चोळली, उजेडात धरली, परत चोळली. रवाळ लागली असती तर दात्यांचे तुकडे. "मऊ आहे," ते म्हणाले. मग ॲक्सलच्या नळीवरचं एक चिमुकलं टोपण चिखलातून खरवडून काढलं. तो ब्रीदर. आतली हवा तापून फुगते ती तिथून सुटते. तो बुजला की हवा सीलातून वाट काढते, तेलही सोबत नेते, आणि माणसं तेलाला नावं ठेवतात. शेवटी नवं तेल वरच्या भोकाच्या काठाशी येऊन बाहेर ओघळेपर्यंत भरलं. मोजमाप एवढंच.

‘ऊंऽऽ’ कमी झाला, गेला नाही. उस्ताद म्हणाले, तो बेअरिंगचा आहे, अजून दोन वर्षं काही होत नाही.

घरी आल्यावर गाडीसोबतची जुनी पुस्तिका काढली. तेलांच्या तक्त्यात मागच्या ॲक्सलपुढे हायपॉइड नव्वद, असं स्वच्छ छापलेलं. हिने ते वाचलं. "नव्वद तर नव्वद. उस्ताद पहिल्या दिवशी हेच म्हणाले होते ना? मग एवढे दिवस चाललं होतं काय?"

पुस्तिका कपाटात आहे हे मला माहीत होतं. पण जुनी गाडी बाळगणाऱ्याला उत्तर हवं असतं हाच मुळात गैरसमज आहे. ज्याला उत्तर हवं असतं तो नवी गाडी घेतो. तिला काय घालायचं ते सर्व्हिस सेंटर ठरवतं, मालकाला फक्त बिल कळतं. जुन्या गाडीवाल्याला विषय हवा असतो. त्या विषयापायी अप्पा रोज संध्याकाळी खाली येऊन उभे राहायचे, भाचा एरवी सहा महिन्यांत फोन करत नाही तो आठवड्याला करायचा, आणि उस्तादांच्या बाकावर मला चहा मिळायचा. तेल भरून झालं त्या दिवशी हे सगळंच बंद पडायची वेळ आली.

तेव्हा इंजिन ऑइल हाती घेतलं आहे. वीस-पन्नास घ्यावं की पंधरा-चाळीस, आणि हल्लीच्या तेलांत जस्त कमी असतं ते जुन्या टॅपेटना पुरतं का, यावर अप्पांचं एक मत आहे, भाच्याचं बरोबर उलट. उस्तादांनी त्यांचं सांगायला तोंड उघडलं होतं. मी त्यांना म्हटलं, इतक्यात नको.