पन्नास मिलिमीटर कोण देणार? : नव्या आर्किटेक्टसाठी कन्सल्टंट सांभाळण्याची रीत

आधी नेमणूक. बाणेरला पाच-सहा मजली ऑफिसची इमारत घेतली आहे असे धरू. आरसीसी, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, एसी, फायर आणि लँडस्केप एवढे कन्सल्टंट लागतीलच. प्रत्येकाला फोनवर "नेहमीचंच आहे, तुम्हाला काय सांगायचं" म्हणून काम द्यावे. कोणी काय करायचे हे कागदावर आणू नये. आणले तर जनरेटरच्या फाउंडेशनचे ड्रॉइंग कोणी काढायचे हे पहिल्याच आठवड्यात ठरून जाते. न आणल्यास हा प्रश्न जनरेटर ट्रकवर, क्रेनचे भाडे चालू आणि आरसीसीवाले व इलेक्ट्रिकलवाले एकाच कॉलवर असताना निघतो. एरवी या दोघांना एकत्र आणायला तुम्हाला तीन मीटिंगा लागल्या असत्या.

फी ठरवताना "पुढची कामं तुमचीच" हे वाक्य वापरावे. क्लायंटने ते तुम्हालाही ऐकवलेले असते, त्यामुळे पाठ करावे लागत नाही.

आता मुख्य प्रकरण, म्हणजे फॉल्स सीलिंगच्या वरची जागा. प्रत्येक कन्सल्टंट ती आपल्याच मालकीची समजतो आणि तुम्ही कोणाचाही गैरसमज दूर करू नये. हिशोब सोपा आहे. स्लॅब ते स्लॅब ३६०० मिलिमीटर. त्यातून बीमचे ७५०, फरशीचे ५०, इन्शुलेशन धरून डक्टचे ३५० आणि स्प्रिंकलर, दिवे व सीलिंगची फ्रेम यांचे १०० वजा केले की उरले २३५०. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ म्हणतो की वातानुकूलित खोलीत सीलिंगच्या खाली किमान २.४ मीटर हवेत. पन्नास मिलिमीटर कमी पडले. एवढ्यासाठी मीटिंग बोलवावी.

मीटिंगमध्ये आरसीसीवाल्यांना बीम उथळ करायला सांगावे. ते अत्यंत अदबीने आठवण करून देतील की हॉलमधला कॉलम तुम्हीच काढायला लावला होता. मग एसीवाल्यांकडे वळावे. डक्ट चपटा करता येतो, पण चपटा केला की तो रुंद होतो आणि थेट केबल ट्रेच्या जागेत शिरतो. इलेक्ट्रिकलवाले त्यावर "आम्हाला कोणी विचारलंच नाही" म्हणतील, आणि ते खरे असेल. प्लंबिंगवाल्यांशी वाद घालू नये. टॉयलेटची लाइन सहा मीटर लांब असेल तर शंभराला एक उतार धरूनही ६० मिलिमीटर लागतातच. सगळ्या टेबलावर गुरुत्वाकर्षणाचा पाठिंबा असलेला तो एकटाच माणूस. मीटिंगच्या शेवटी "साइटवर अ‍ॅडजस्ट करू" असा ठराव करून चहा मागवावा.

ड्रॉइंगचे म्हणाल तर ती शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता एकाच मेलने सर्वांना पाठवावीत. बदललेल्या जागेभोवती ढग काढू नये. काय बदलले हे शोधण्यात प्रत्येकाचा शनिवार सत्कारणी लागतो. यथावकाश एसीवाले तिसऱ्या रिव्हिजनवर, आरसीसीवाले पाचव्यावर आणि साइटवरचा सेंट्रिंगवाला पहिल्याच रिव्हिजनवर काम करू लागतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी अंगठा दाखवला की ती लेखी मंजुरी समजावी.

स्लीव्हचे ड्रॉइंग स्लॅब भरण्याच्या आदल्या रात्री द्यावे. त्याआधी दिले तर आरसीसीवाले ते बघतात आणि भोक आधाराजवळ नको, खालच्या सळयांच्या पातळीवर नको, बीमच्या उंचीच्या मधल्या पट्ट्यात घ्या, असल्या सूचना करत बसतात. आदल्या रात्री दिल्यास स्लीव्ह राहून जातात आणि पुढे कोअर कटिंगवाल्याला काम मिळते. त्यालाही घरदार आहे.

या सगळ्यांत मनापासून अभ्यास करावा असा एकच सल्लागार आहे, तो म्हणजे वास्तुवाला. त्याचे ड्रॉइंग नसते, रिव्हिजन नंबर नसतो, सही तर नसतेच. पण त्याने "ईशान्येला स्वच्छतागृह नको" म्हटले की दोन महिने इंचभर न हललेली सॉइल लाइन चोवीस तासांत इमारतीच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि क्लायंट वाढीव खर्चाचे बोलतसुद्धा नाही. समन्वयाचा इतका यशस्वी नमुना माझ्या पाहण्यात नाही. अनुभवी आर्किटेक्ट डक्टचा मार्गही त्याच्याच तोंडून वदवून घेतात.

राहिले पैसे. आरसीसीवाल्यांची फी बहुधा स्लॅबगणिक निघते, म्हणजे गच्चीचा स्लॅब पडला की त्यांचा हिशोब जवळजवळ पुरा. एसीवाल्यांचे डोके चालायला लागते ते तिथून पुढे. "या बीमला एक भोक पाडू का?" असे विचारायला तुम्ही फोन कराल तेव्हा तो उचलला जाईलच असे नाही. म्हणून जाणकार मंडळी आरसीसीचे शेवटचे बिल जरा थकवून ठेवतात. कारण विचारले तर क्लायंटकडून आले नाहीत म्हणून सांगावे. बहुतेक वेळा खोटे बोलावे लागत नाही.