फायरवॉल चालू आहे, मामा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील घरगुती संगणकाच्या संरक्षणाचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला सर्वप्रथम एका वाक्याची दखल घ्यावी लागते. हे वाक्य कोणत्याही ग्रंथात आढळत नसले, तरी भवानीनगरपासून भिगवणपर्यंत ते सारख्याच आत्मविश्वासाने उच्चारले जाते, आणि ते उच्चारणारा बहुधा पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा असतो. 'फायरवॉल चालू आहे, मामा, काळजीचं काही कारण नाही,' एवढे सांगून हा भाचा सुट्टी संपताच एसटीने पुण्यास परततो, आणि मागे राहिलेला मामा, आपल्या संगणकास आता अभय मिळाले आहे अशा समजुतीने, त्यावर येईल ते निर्धास्तपणे उघडू लागतो. भाच्याच्या विधानाचा पूर्वार्ध बहुतेक वेळा खरा असतो, कारण फायरवॉल विंडोजमध्ये मुळातच चालू असते आणि भाच्याने ती केवळ पाहिलेली असते. उत्तरार्धाची मात्र थोडी चिकित्सा करणे आवश्यक आहे.

फायरवॉल म्हणजे संगणक आणि जाळे यांच्यामधील तो प्रोग्रॅम किंवा ते यंत्र, जे येणारी-जाणारी माहिती ठरावीक नियमांवर तपासून तिला वाट देते अथवा अडवते. जाळ्यावरची माहिती सलग वाहत नाही. ती लहान लहान तुकड्यांत बांधून पाठवली जाते, या तुकड्यांना पॅकेट म्हणतात, आणि प्रत्येक पॅकेटवर ते कोठून आले, कोठे जायचे आणि तेथील कोणत्या दाराशी थांबायचे हे लिहिलेले असते. या दारांना पोर्ट असे नाव असून त्यांची संख्या प्रत्येक संगणकावर ६५ हजारांहून अधिक असते, ही गोष्ट एका दाराच्या घरात राहणाऱ्या माणसास सांगताना जरा जपून सांगावी लागते. या दोन तालुक्यांच्या वाचकास ही व्यवस्था समजण्यासाठी परदेशी ग्रंथ उघडण्याची गरज नाही, कारण माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा या साखर कारखान्यांच्या फाटकांवर ती दर गळीत हंगामात चालू असते. फाटकावरचा माणूस उसाची ट्रॉली आली की चिठ्ठी पाहतो: ऊस कोणाचा, कोणत्या गटातला, तोडीचा आदेश कोणी दिला. चिठ्ठी बरोबर असेल तर ट्रॉली वजनकाट्याकडे जाते आणि नसेल तर रस्त्यावर उभी राहून वाहतूक अडवते. मात्र मोळी सोडून आत पाचट किती आहे, दगड आहे की घोणस आहे, हे पाहणे फाटकावरच्या माणसाचे काम नव्हे, आणि तसे त्याने पाहू लागावे अशी अपेक्षा केल्यास गळीत पुढच्या आषाढापर्यंत चालेल. साधी फायरवॉल नेमकी एवढेच करते. ती चिठ्ठी वाचते, मोळी सोडत नाही. आजकाल बहुतेक संकेतस्थळांशी होणारा व्यवहार कूटबद्ध असतो, म्हणजे वाटेत कोणालाही वाचता येऊ नये असा बंदिस्त असतो, त्यामुळे मोळी सोडण्याची इच्छा झाली तरी ती सुटत नाही.

येथे एक बारकावा आहे आणि सगळी गंमत त्यातच आहे. आधुनिक फायरवॉल केवळ चिठ्ठी वाचत नाही, तर कोणती चिठ्ठी आतून दिली गेली होती याची नोंदही ठेवते, आणि घरातल्या संगणकाने स्वतः होऊन ज्याला साद घातली त्याचे उत्तर विनातक्रार आत सोडते. न बोलावता आलेल्यास ती अडवते. हा नियम अत्यंत शहाणपणाचा आहे, कारण तो नसता तर कोणतेही संकेतस्थळ उघडलेच नसते. परंतु त्याचा अर्थ असा होतो की, चिटबॉयनेच, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसानेच, चोराच्या नावाने चिठ्ठी फाडली असेल, तर फाटकावरचा माणूस चोरास सलाम करून आत घेईल. घरगुती संगणकावर चिटबॉयचे पद गृहस्वामीकडे असते.

फायरवॉलवर अन्याय होऊ नये म्हणून तिची पूर्वपुण्याईही सांगितली पाहिजे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने सोडलेल्या 'वर्म'ने तेव्हाच्या चिमुकल्या इंटरनेटवरील हजारो यंत्रे जेरीस आणली. वर्म म्हणजे असा प्रोग्रॅम की जो कोणी काही न उघडताही एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप पसरतो. फाटकावर माणूस नेमण्याची निकड त्यानंतर जगाला अधिक जाणवली. तरीही मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये विंडोज एक्सपी बाजारात आणली तेव्हा तिच्यात फायरवॉल होती, पण ती बंद ठेवलेली होती, म्हणजे राखणदार नेमला होता आणि त्यास झोपायची मुभाही दिली होती. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म १३५ क्रमांकाच्या दारातून घुसला, आणि नुसती तार जोडल्यावर काही मिनिटांत संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले. त्यानंतर एका वर्षाने, ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ या एक्सपीच्या दुरुस्तीसंचात, ही फायरवॉल मुळातच चालू करून देण्यात आली. न बोलावता येणाऱ्यांचा उपद्रव त्यामुळे खरोखरच घटला. भाच्याच्या वाक्यात जो जुना विश्वास आहे त्याचे मूळ बहुधा या काळात असावे, जरी भाच्याचा जन्म त्यानंतरचा असला तरी.

बारामती-इंदापूरच्या संगणकास आज होणारे रोग मात्र बहुतांशी निमंत्रणाने येतात, आणि त्यातील सर्वांत जुना मार्ग हातातून हाती जाणारा आहे. सातारा जिल्ह्यातून पुण्यात आलेले कैलाश काटकर कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करीत असताना दुरुस्तीस येणारी यंत्रे फ्लॉपीतून आलेल्या व्हायरसने आजारी असल्याचे दिसले, आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी त्यावर लिहिलेल्या औषधातूनच १९९० च्या दशकात क्विक हील ही कंपनी उभी राहिली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. फ्लॉपी गेली, पेन ड्राइव्ह आला, परंपरा अबाधित राहिली. तहसील कचेरीजवळच्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर शेकडो पेन ड्राइव्ह एकाच संगणकाच्या एकाच भोकात लावले जातात. एकाचा सातबारा, दुसऱ्याचा आठ-अ, तिसऱ्याच्या मुलीचा प्रवेशअर्ज आणि चौथ्याचा व्हायरस अशी सर्व कागदपत्रे तेथे सलोख्याने नांदतात, आणि संध्याकाळी प्रत्येक जण आपल्याबरोबर चौथ्याची प्रत घेऊन घरी जातो. या मार्गावर फायरवॉल कोठेही उभी नसते, कारण ती जाळ्याच्या फाटकावर असते आणि पेन ड्राइव्ह मामांच्या खिशातून येतो. फोल्डर अदृश्य करून त्यांच्याच नावाचे बनावट शॉर्टकट मांडून ठेवणारा जो व्हायरस आहे, त्यास येथील जनता 'शॉर्टकट व्हायरस' या नावाने ओळखते आणि घरच्या मांजराइतपत सहन करते, कारण शॉर्टकटवर टिचकी मारली की फाइल उघडते; व्हायरसही त्याच टिचकीने उघडतो हा भाग कोणी विचारात घेत नाही.

दुसरा मार्ग फुकटाचा. मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅम, लग्नाचा अल्बम करण्याचे सॉफ्टवेअर किंवा नुकताच प्रदर्शित झालेला चित्रपट हे सर्व विकत घेणे ज्यांना अपव्यय वाटतो ते 'क्रॅक' शोधतात; क्रॅक म्हणजे विकाऊ प्रोग्रॅमचे कुलूप तोडणारा छोटा प्रोग्रॅम. तो उतरवताना अँटिव्हायरस, म्हणजे संगणकावर आलेल्या फाइलींचे अंतरंग तपासणारा प्रोग्रॅम, आरडाओरडा करतो आणि सोबतच्या सूचनापत्रात प्रथम अँटिव्हायरस बंद करावा असे स्पष्टपणे लिहिलेले असते. चोर घरफोडीपूर्वी कुत्रा बांधून ठेवण्याची लेखी विनंती करतो आणि घरमालक ती पाळतो, असे उदाहरण दंडसंहितेच्या इतिहासात दुर्मीळ असावे. या वेळी फायरवॉल पूर्णपणे चालू असते आणि तिच्या दृष्टीने सर्व काही नियमानुसार घडलेले असते.

तिसरा मार्ग दूरध्वनीचा आहे. वीजबिल भरलेले नसल्याने आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल असा संदेश येतो, त्यातल्या क्रमांकावर मामा स्वतः फोन करतात, पलीकडचा सज्जन अत्यंत आदराने 'सर' म्हणतो (ही उपाधी या तालुक्यांत एरवी शिक्षकांसाठी राखीव आहे), आणि दुसऱ्याच्या संगणकाचा पडदा दुरून हाताळू देणारे एनीडेस्कसारखे सॉफ्टवेअर उतरवण्यास सांगतो. हे सॉफ्टवेअर स्वतः निरुपद्रवी असून ते आतून बाहेर साद घालते, त्यामुळे फायरवॉल त्यास अडवण्याचा प्रश्नच येत नाही. असे संदेश आपण पाठवत नसल्याचे महावितरणने वारंवार जाहीर केले आहे. परंतु दिवसाआड भारनियमन सोसलेल्या पिढीस वीज जाण्याची धमकी केव्हाही खरी वाटते, हे ठगांनी अचूक हेरले आहे.

बाहेर जाणाऱ्या माहितीचा मुद्दा तर याहून विनोदी आहे. कारखान्यातून मळीचा टँकर बाहेर पडताना राज्य उत्पादन शुल्क खात्याचा कागद लागतो, कारण मळीपासून मद्य होते आणि मद्यापासून महसूल. विंडोजची फायरवॉल मात्र, कोणी वेगळे सांगितले नाही तर, बाहेर जाणाऱ्या सर्वांस मोकळी वाट देते. त्यामुळे एकदा आत आलेला प्रोग्रॅम बँकेचा पासवर्ड घेऊन बाहेर निघाला, तर मळीस होते तेवढीही विचारपूस त्याची होत नाही.

घरगुती संगणकाच्या बाबतीत हे ठीक, मोठ्या संस्थांचे तसे नसणार, असा आक्षेप एखादा घेईल. त्याने २७ जून २०१७ हा दिवस आठवावा. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरचे नेहमीचे अपडेट म्हणून नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्रॅम तेथील कार्यालयांत शिरला, बड्या कंपन्यांच्या अंतर्गत जाळ्यांतून सीमा ओलांडत गेला आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क या जहाज कंपनीच्या टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले. ज्याची चिठ्ठी रोजची आणि ओळखीची होती, त्याच ट्रॉलीतून घोणस आली होती. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून पैसे निघत होते आणि घुसखोरांनी उभारलेली खोटी यंत्रणा प्रत्येक मागणीस मंजुरी देत होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली चालणाऱ्या बँकेत फायरवॉल नसते असे कोणी म्हणणार नाही.

तेव्हा एकटी फायरवॉल पुरत नाही, आणि तिच्या जोडीला काय असावे हे सांगणे सोपे असले तरी ते या दोन तालुक्यांत अमलात कसे यावे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पहिली गोष्ट अपडेटची, म्हणजे सापडलेली भोके बुजवण्यासाठी कंपनी जो दुरुस्तीचा भाग पाठवते त्याची. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने सुमारे दीडशे देशांत फाइली कुलूपबंद केल्या, पण त्याने वापरलेले भोक बुजवण्याची दुरुस्ती १४ मार्चलाच, जवळपास दोन महिने आधी, उपलब्ध होती. 'नंतर आठवण करा' हे बटण दाबण्याची कला आपल्याकडे विशेष विकसित झालेली आहे. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या प्रकल्पात उसाला पाणी कधी द्यावे हे उपग्रह आणि कृत्रिम बुद्धिमत्ता मिळून सांगतात, त्यात मायक्रोसॉफ्टचे तंत्रज्ञान वापरले जाते. आणि त्याच परिसरातल्या एखाद्या घरातील कोनाड्यात त्याच मायक्रोसॉफ्टची विंडोज ७ सुखाने नांदत असते, जिच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाल्या. उसाची प्रकृती अवकाशातून पाहिली जाते, संगणकाची कोणी खुर्चीतूनही पाहत नाही.

पासवर्डच्या बाबतीत बारामतीकरांकडून अपेक्षा जास्त ठेवणे योग्य होईल, कारण निर्बंध पाळून रचना करण्याचा त्यांचा वारसा मोठा आहे. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) याच गावी राहून शंभरावर रामायणे रचली, त्यांपैकी निरोष्ठ रामायणात ओठ जुळवून उच्चारावी लागणारी प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य होती. म्हणजे रामाचे चरित्र सांगायचे पण 'राम' लिहायचे नाही, आणि कवीस स्वतःचे नावही घालता येत नाही. त्याच गावातील आजच्या नागरिकास एक मोठे अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह घालून आठ अक्षरे रचण्यास सांगितले, तर तो त्यास जाच मानतो आणि मोबाइल नंबर टाकून मोकळा होतो. वायफायचा पासवर्ड तर गल्लीची सार्वजनिक मालमत्ता असतो, आणि राउटरचा पासवर्ड कंपनीने दिला तोच राहतो, कारण तो बदलता येतो हे फक्त भाच्याला माहीत असते.

संगणकाचे सर्वाधिकारी खाते भाच्याच्या ताब्यात ठेवून मामांनी मर्यादित अधिकाराच्या खात्यावर काम करावे, म्हणजे चुकून उघडलेल्या प्रोग्रॅमचे हातही बांधलेले राहतात, हा उपाय तज्ज्ञांना सर्वमान्य आहे. परंतु जमीन, ट्रॅक्टर आणि घर ज्याच्या नावावर आहे त्याने स्वतःच्या संगणकावर पाहुण्याच्या दर्जाने बसावे आणि परवानगीसाठी बहिणीच्या मुलास फोन लावावा, ही व्यवस्था कौटुंबिक पातळीवर टिकत नाही. दिवाळीपर्यंत अधिकार परत घेतले जातात. तरीही पैसे गेल्यास सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवण्याची संधी थोडाच वेळ असते. प्रत्यक्षात हा वेळ 'घरात कोणाला सांगायचे नाही' या ठरावात खर्च होतो.

शेवटी राहतो बॅकअप, म्हणजे महत्त्वाच्या फाइलींची दुसरीकडे ठेवलेली प्रत. सातबाऱ्याच्या प्रती, मुलीच्या लग्नाची छायाचित्रे आणि सोसायटीच्या कर्जाचे कागद बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून कपाटात ठेवावी, असे शास्त्र सांगते, कारण जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्रॅम संगणकाबरोबरच कुलूपबंद करतो. इंदापुराकडील घरांत ही डिस्क घेतलीही जाते, पण ती वर्षभर संगणकाला लावलेलीच असते, आणि त्यामागील युक्तिवाद असा की, कपाटात ठेवली की ती ऐनवेळी सापडत नाही. संगणकशास्त्राने या युक्तिवादाचे खंडन अद्याप केलेले नाही. भाच्याने एकदा प्रयत्न केला, परंतु मामींनी कपाट उघडून दाखवल्यावर त्याने तो सोडून दिला.