हिरोशी घासाघीस करा

खेळाडू निवृत्त झाला की पुढे काय करतो? समालोचन करतो, अकादमी काढतो, निवडणूक लढवतो. नाहीतर हॉटेल काढतो.

उद्घाटनाचा फोटो पहिल्या पानावर येतो. बंद पडल्याची बातमी शोधावी लागते.

काहींना निवृत्तीपर्यंतही धीर धरवत नाही. सचिन ऐन भरात असताना, 2002 मध्ये, कुलाब्यात 'तेंडुलकर्स' उघडलं. सौरव कर्णधार असताना, 2004 मध्ये, कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर 'सौरव्ज' उघडलं. दोन्ही बंद पडून जमाना झाला. पार्क स्ट्रीटवरचं 1927 चं 'फ्लुरीज' मात्र अजून चालू आहे. तिथं लोक मालकाला बघायला जात नाहीत, केक खायला जातात.

नावावर पहिली पंगत उठते. दुसरी चवीवर उठते. तिसरीला रस्ता लागतो. चालता येईल असा फुटपाथ, रात्रीचे दिवे, घरी नेणारी शेवटची बस.

हा तिसरा हिशेब आपल्याकडे कोणी मांडतच नाही.

इंग्लंडात मँचेस्टरला तो मांडला गेला. कसा, ते सांगायलाच हवं. फुटबॉलपटू गॅरी नेव्हिल हा शेजारच्या बरी गावचा पोरगा. मँचेस्टर युनायटेड सोडून दुसऱ्या क्लबची जर्सी त्याने कधी अंगात घातली नाही. क्लबसाठी 602 सामने खेळला आणि फेब्रुवारी 2011 मध्ये थांबला. मग रायन गिग्ज या जुन्या साथीदाराला घेऊन तो हॉटेलच्या धंद्यात उतरला.

सुरुवात सोपी होती. 2015 मध्ये ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमच्या समोरच 'हॉटेल फुटबॉल' उघडलं. मॅचच्या दिवशी सत्तर हजारांवर माणूस दारावरून जातो. तिथं गल्ला भरला तर नवल कसलं?

कस लागला तो भर शहरात.

नॉरफोक स्ट्रीटवर जुन्या स्टॉक एक्स्चेंजची इमारत आहे. 1906 ची, वारसा यादीतली. नेव्हिल आणि गिग्जने ती हॉटेलसाठी घेतली. ऑक्टोबर 2015 मध्ये, काम सुरू व्हायच्या आधीच, बेघर माणसं आणि त्यांच्यासाठी भांडणारे कार्यकर्ते आत घुसून बसले.

आपल्याकडे अशा वेळी काय होतं, हे वाचकांना सांगायची गरज नाही. आधी बाउन्सर येतात, मग पोलीस, मग जेसीबी.

नेव्हिलने फोनवर सांगितलं, हिवाळाभर राहा. अट एवढीच की पाहणीला येणाऱ्या लोकांना आत येऊ द्या. कोट्यवधींची इमारत, ठरलेलं काम, गुंतवणूकदारांचा पैसा. तरीही थंडीच्या दिवसांत कोणाला रस्त्यावर काढलं नाही.

शहरावर प्रेम आहे, असं म्हणायला पैसे पडत नाहीत. त्याने पडू दिले.

हॉटेल 2019 मध्ये सुरू झालं. खाली टॉम केरिज या मिशेलिन स्टारवाल्या शेफचं 'बुल अँड बेअर' थाटात उघडलं. काही वर्षांत तेही गुंडाळलं गेलं. मागे एवढे मोठे खेळाडू आणि आत एवढा मोठा शेफ असूनही!

म्हणून सांगतो, रेस्टॉरंट टिकलं की नाही यावर खेळाडूचं माप काढू नका. त्या निमित्ताने मेन रोडवर काय उरलं, ते बघा. मँचेस्टरला एक जुनी, देखणी, बंद इमारत नांदती झाली. हे उरलं.

मार्च 2020 मध्ये कोरोना आला. नेव्हिल आणि गिग्जने दोन्ही हॉटेलं गिऱ्हाइकांसाठी बंद केली आणि 176 खाटा आरोग्य कर्मचाऱ्यांना फुकट दिल्या. एकाही कामगाराला कमी करणार नाही, हेही जाहीर केलं. त्याच महिन्यात आपल्याकडे हॉटेलातली पोरं पाठीवर बोचकी घेऊन गावाकडे चालत निघाली होती.

आता कोणी म्हणेल, देवमाणूस दिसतो. थांबा.

याच नेव्हिलने 2016 मध्ये 'सेंट मायकल्स' नावाचा प्रकल्प पुढे आणला. जागा टाउन हॉलपासून हाकेच्या अंतरावर. 31 आणि 21 मजल्यांचे दोन टॉवर, हॉटेल, फ्लॅट, ऑफिसं, खाण्यापिण्याच्या जागा. त्यासाठी जुनं पोलीस ठाणं पाडायचं होतं. एक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पाडायचं होतं. आणि 'सर राल्फ ॲबरक्रॉम्बी' नावाचा छोटा, जुना पबही पाडायचा होता.

त्या पबपासून जवळच 16 ऑगस्ट 1819 ला मताधिकार मागायला जमलेल्या हजारो लोकांवर घोडेस्वार घातले गेले होते. किमान पंधरा माणसं मेली. इतिहासात त्याला पीटरलूचं हत्याकांड म्हणतात. त्या काळच्या तिथल्या वास्तूंपैकी जेमतेम जे उभं आहे, त्यात हा पब येतो.

गावचा हिरो तो पाडायला निघाला होता.

गावाने काय केलं? हार घातले? नाही. नाही म्हटलं. लोकांनी सह्यांची मोहीम काढली. पबच्या गिऱ्हाइकांनी आवाज उठवला. 'हिस्टॉरिक इंग्लंड' या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेने उघड विरोध नोंदवला. लाल जर्सीतले गोल आठवून कोणी गप्प बसलं नाही.

आणि हिरोने ऐकलं. 2017 मध्ये आराखडा मागे घेतला, आर्किटेक्ट बदलला, नवा नकाशा केला. पब वाचला. पोलीस ठाण्याची दर्शनी दगडी भिंत वाचली. मार्च 2018 मध्ये महापालिकेने नव्या आराखड्याला मंजुरी दिली.

टॉवर टळला का? नाही. दोनाचा एक झाला आणि आधीपेक्षा उंच झाला. त्यात 'डब्ल्यू' ब्रँडचं हॉटेल आणि महागडे फ्लॅट. बरीच्या साध्या घरातल्या पोराला तिथं जागा कशी परवडणार, हा प्रश्न तसाच राहिला आणि तो विचारत राहायला हवा. घासाघिशीत सगळं मिळत नाही. पण घासाघीस न करणाऱ्याला काहीच मिळत नाही.

मँचेस्टरला हे बळ कुठून आलं? 15 जून 1996 ला आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने तिथं दीड टन स्फोटकांचा बॉम्ब उडवला. दोनशेच्या वर माणसं जखमी झाली, मेलं कोणी नाही. भर बाजारपेठ उद्ध्वस्त झाली. ती पुन्हा बांधताना महापालिकेने एक गोष्ट ओळखली. दुकानं नुसती उभारून भागत नाही, बाजारात माणसं राहायला हवीत.

1990 च्या सुमारास शहराच्या ऐन मध्यात राहणारी माणसं शेकड्यांत मोजावी लागत. आज ती हजारोंत मोजली जातात. खाणारे आधी राहायला आले, खानावळी मागून आल्या.

आणि हे बघायला कायमची माणसं होती. रिचर्ड लीस 1996 पासून 2021 पर्यंत, पंचवीस वर्षं, तिथल्या महापालिकेचे नेते होते. हॉवर्ड बर्नस्टीन 1998 पासून 2017 पर्यंत मुख्य अधिकारी होते. त्यांच्यावरही टीका झाली. टॉवर वाढले आणि परवडणारी घरं कमी पडली, हा आरोप खोटा नाही. पण जाब विचारायला समोर माणूस होता.

आपल्याकडे होता?

मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेत नगरसेवकच नव्हते. पुणे, नाशिक, नागपूर, सगळीकडे तीच गत. प्रशासक सही करायचा आणि बदली झाली की जायचा. गल्लीतला जुना वाडा पडताना माणसाने दार कोणाचं ठोठावायचं?

आता खेळाडूंकडे वळू. आपलं सरकार खेळाडूला प्रश्न विचारत नाही, भूखंड देतं. 1988 मध्ये सुनील गावस्कर यांना वांद्र्यात इनडोअर क्रिकेट अकादमीसाठी जागा दिली. अकादमी उभी राहिली नाही. जागा 2022 मध्ये सरकारकडे परत आली. मग 2024 मध्ये मंत्रिमंडळाने तीच जागा अजिंक्य रहाणेला द्यायचं ठरवलं.

गावस्कर थोर, यात वाद नाही. रहाणे गुणी, यातही नाही. वाद आहे तो मधल्या तीन दशकांचा. मुंबईत क्रिकेट खेळायला जागा नसलेली पोरं तेवढ्या काळात बाप झाली.

दोष निव्वळ खेळाडूचा नाही. देताना मुदत घालायची, पाहणी करायची, वेळेत झालं नाही तर परत घ्यायचं, हे देणाऱ्याचं काम होतं. देणाऱ्याला फोटो मिळाला, काम संपलं.

आणखी एक. हॉटेल काढण्याइतका पैसा आपल्याकडे क्रिकेटवाल्याकडेच असतो. कबड्डीपटू, कुस्तीगीर, खो-खोपटू यांची मजल पोलिसातल्या किंवा रेल्वेतल्या नोकरीपर्यंत. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं आणि पुढे पोलिसात नोकरी केली. आयुष्यभर सरकारी उपेक्षाच पदरी पडली. त्यांच्याकडून गावचा बाजार सावरायची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार?

ज्याच्याकडे पैसा असतो, तो गावात लावत नाही. झहीर खान श्रीरामपूरचा. 2005 मध्ये त्याने रेस्टॉरंट काढलं ते पुण्यात. त्याला नावं ठेवू नका. धंदा गिऱ्हाईक असेल तिथंच होतो. रात्री नऊला जिथं सगळी शटर खाली येतात, तिथं माणूस कोट्यवधी घालेल कशाला?

तालुक्याच्या गावी जाऊन बघा. स्टँडपासून बाजारपेठेपर्यंतचा रस्ता. फुटपाथ आहे, पण त्यावर विजेची डीपी आहे, फ्लेक्सचे खांब आहेत, दुचाक्या आहेत. गटारावरची फरशी फुटलेली. बायकामाणसांसाठी मुतारी नाही. नगरपालिकेचे गाळे बांधून तयार आहेत, पण लिलाव कोर्टात अडकलाय. पाच गाळ्यांच्या शटरला गंज चढलाय आणि समोर हातगाडीवाला उन्हात उभा आहे.

हा रस्ता सुधारायला कोणत्या फलंदाजाची वाट बघताय?

मँचेस्टरशी नातं सांगायची आपल्याला भारी हौस. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. 2022 मध्ये तिची महापालिकाही झाली. मग तिथल्यासारखं वागायलाही शिका. बाजारपेठेच्या जुन्या इमारतींची यादी करा. बंद यंत्रमागांच्या शेडमध्ये काय होऊ शकतं, ते ठरवा. वरच्या मजल्यांवर लोकांना राहायला येऊ द्या. मग गावचा खेळाडू असो की दुबईत कमावून आलेला व्यापारी, पैसा घेऊन आला तर त्याला दाखवायला तुमच्या हातात काहीतरी असेल.

आज तुमच्या हातात काय आहे? शाल आणि श्रीफळ.

सरकारला सत्काराचीच हौस असेल तर एक साधी गोष्ट करावी. राष्ट्रीय स्पर्धा खेळून आलेल्या, नोकरी न मिळालेल्या खेळाडूला नगरपालिकेचा एक गाळा रास्त भाड्याने द्यावा. मुदत पाच वर्षं. चालवला तर वाढवून द्यावी, पोटभाड्याने दिला तर काढून घ्यावा. निवृत्त कबड्डीपटूची मटण खानावळ बसस्टँडसमोर रात्री अकरापर्यंत चालली, चार पोरांना काम मिळालं, दिवे लागले, तर बाजार तिथूनच जागा होतो. त्यासाठी भूखंड लागत नाही, मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. मुख्याधिकाऱ्याची इच्छा लागते.

आणि श्रीमंत खेळाडूंनाही स्पष्ट सांगायला हवं. गावाने तुम्हाला मैदान दिलं, टाळ्या दिल्या, परगावी सामना असला की एसटीच्या भाड्याला वर्गणी दिली. परतफेड करायची असेल तर बाजारात जुनी इमारत घ्या, दुरुस्त करा, आणि पहिली दोन वर्षं तोटा झाला तरी पळू नका. फ्रँचायझीचा बोर्ड लावून, फोटो काढून विमानाने परत जाणार असाल तर येऊ नका. गावाला आणखी एक बंद शटर नको आहे.

राहता राहिलो आपण. गावाचा अभिमान आणि गावाचं हित यांत आपण गल्लत करतो. आपला माणूस मोठा झाला की त्याला सगळं माफ करतो. त्याने तलावाकाठचं झाड तोडलं तरी गप्प, चौकातला जुना वाडा पाडला तरी गप्प. विरोध करणारा गावद्रोही ठरतो. मँचेस्टरवाल्यांचं नेव्हिलवर प्रेम कमी नव्हतं. तरी त्यांनी त्याला अडवलं, म्हणून पब राहिला आणि नेव्हिलचीही लाज राहिली.

तेव्हा पुढच्या वेळी गावचा हिरो फीत कापायला येईल, तेव्हा जरूर जा. सेल्फी काढा, जेवा, बिल भरा. मग विचारा. गावातल्या किती पोरांना काम देणार? पगार किती? जुनं काय पाडणार? किती वर्षं टिकणार? शेजारी नगरसेवक किंवा मुख्याधिकारी उभे असतील, त्यांनाही विचारा की या रस्त्याचा फुटपाथ कधी मोकळा होणार.

आणि उत्तर लेखी घ्या.