जोर नाही लावायचा

झाशीच्या जुन्या वस्तीतल्या मराठी घरांना एकतरी तात्या असतोच. आमचे तात्या ओरछा गेटापाशी राहतात. रेल्वेतून निवृत्त झाले, पण हातातला पाना काही निवृत्त झाला नाही.

परवा शेजारच्या अंगणातला नळ टपकत होता. बदलायचा होता नुसता वायसर. पण वायसर बदलायला पाणी बंद करावं लागतं आणि भिंतीतला व्हॉल्व्ह हलेना. वर्षानुवर्षं उघडाच राहिला, आत क्षार बसले, आट्यांना गंज चढला. नळवाल्याने मोठा पाईप पाना काढला मात्र, तात्या दारात उभे! "भैया, ज़ोर नहीं लगाना।"

जोर लावणं हा तात्यांच्या लेखी दुर्गुण आहे. मुलगी द्यायची तर आधी जावयाला जाम व्हॉल्व्ह फिरवायला द्यावा, असं त्यांचं मत. दांडी मुरगळून तुटली, की आतली पाचर अडकते ती अडकतेच, मग भिंत फोडा. म्हणून एका पान्याने व्हॉल्व्हचं धड धरायचं, नाहीतर पाईपच पिळवटतो. दांडीच्या मुळाशी तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि वरचा नट किंचित सैल करायचा. त्या 'किंचित'मध्ये तात्यांचा सदरा छातीपर्यंत भिजला. मे महिन्यातल्या झाशीत त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

"आता तेल मुरू दे," म्हणून तात्यांनी खुर्ची मागवली. खुर्ची आली म्हणजे 1858 आलंच. सर ह्यू रोजचा वेढा, 3 एप्रिलचा हल्ला, पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी तेव्हा इथेच कसे अडकले होते आणि दुल्हाजूने फितूर होऊन हाच दरवाजा उघडून दिला असं लोक कसं सांगतात, सगळं क्रमाने. भटजींचा उल्लेख तात्या असा करतात, जणू ते शाळेत एका बाकावर होते. नळवाल्याने दोन विड्या संपवल्या आणि शेवटी न राहवून म्हणाला, "दादा, इतना बड़ा फाटक एक आदमी ने खोल दिया, और हमसे आधे इंच का वाल नहीं हिल रहा!"

"अरे, वो अंदर से खोला था!" तात्या गरजले. गल्ली हसली, तात्या मात्र गंभीर होते.

मग चाकावर हात. केसभर इकडे, केसभर तिकडे. मध्ये गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळून झालं. पुन्हा केसभर. आणि एकदम आतून कर्र झालं, चाक बंद होण्याच्या बाजूला सरकलं. नळवाल्याने दहा मिनिटांत वायसर घातला. पाणी सोडताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पाव फेरा मागे घ्यायचा, म्हणजे पुन्हा अडकत नाही, आणि वर्षातून दोनदा फिरवायचा, एवढं सांगेपर्यंत तात्यांचा चेहरा पडलेला. चालत्या व्हॉल्व्हशी माणसाने काय बोलावं?

इतक्यात कठड्यावरून काकू डोकावल्या. "अहो, लोकांना सांगता वर्षातून दोनदा. आपल्या गच्चीवरच्याला कधी लावलाय हात?"

तात्या पाना पुसत म्हणाले, "त्याला अजून नीट जाम तर होऊ दे!"