कुकरचा वनवास

कॅनडात कनू, म्हणजे वल्ह्यानं चालवायची नाव, घेऊन पाण्यात उतरायचं तर सोबत शिट्टी लागते, असा कायदा आहे. आमच्या तीन नावांना दुकानदारानं तीन दिल्या. चौथी आमची घरची होती, पाच लिटरच्या कुकरवर.

टोरांटोहून उत्तरेला तीन तास गाडी हाकली की अल्गॉनक्विन पार्क लागतं. 1893 साली राखून ठेवलेलं रान, साडेसात हजारांवर चौरस किलोमीटर, आणि त्यात दोन हजारांहून जास्त तळी. एका तळ्यातून वल्हवत जायचं. तळं संपलं की नाव डोक्यावर, सामान पाठीवर घेऊन पायवाटेनं पुढचं तळं गाठायचं. याला इथे पोर्टेज म्हणतात. आपल्याकडे याला हमाली म्हणतात आणि तिचे पैसे मिळतात.

रानातल्या एका मुक्कामावर नऊच माणसं चालतात. आम्ही मिसिसागातले आठ, नववे हिचे पुण्याहून आलेले मामा. आमच्यातल्या एकाला आम्ही सह्याद्री म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य ‘आम्ही हरिश्चंद्रगडावर असताना’ असं सुरू होतं. हरिश्चंद्रगडावर नाव लागत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही. तयारीच्या तीन बैठका झाल्या आणि तिन्हींत जेवणाचा बेत ठरला.

परवान्याच्या खिडकीतल्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, “पत्र्याचे डबे, काचेच्या बाटल्या?” वापरून टाकायच्या असल्या डब्याबाटल्यांना आतल्या रानात बंदी आहे. आमच्याकडे आमरसाचे तीन डबे होते. टाकून देणं शक्यच नव्हतं. सकाळी दहा वाजता, वाहनतळावर, उभ्यानं, पुऱ्यांशिवाय, नऊ जणांनी अडीच किलो आमरस संपवला. लोणचं बरणीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गेलं. आमरसानंतर माणसानं आडवं व्हायचं असतं. आम्ही वल्ही हातात घेतली.

कनूत मागे बसणारा दिशा धरतो, पुढचा जोर लावतो. मागच्यानं वल्हं ओढून झाल्यावर शेवटी जरा बाहेर वळवायचं, की नाव सरळ जाते. हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. कनू लेकवर आमची नाव गोमूत्रिकेसारखी निघाली. ही पुढून मला दिशा सांगत होती, मामा मधे मांडीवर कुकर घेऊन बसले होते. वातावरण हलकं करावं म्हणून मी सांगितलं, की टॉम थॉमसन नावाचा मोठा चित्रकार, कनू चालवण्यात मुरलेला, 1917 साली ह्याच तळ्यात गेला.

“गेला म्हणजे?” मामांनी विचारलं. मी वल्हवण्यात लक्ष घातलं. मामांनी कुकर जरा घट्ट धरला.

मग आलं जो लेककडे जाणारं पोर्टेज. लांबी 295 मीटर. कागदावर हा आकडा वाचून आम्ही हसलो होतो. पण सामान तीन खेपांचं असलं, की तीनदा जायचं आणि दोनदा रिकाम्या हातानं परत यायचं. म्हणजे पाच चकरा, जवळजवळ दीड किलोमीटर. पहिल्या खेपेत माणसं एकमेकांना ‘जपून हं’ म्हणतात. तिसऱ्या खेपेत प्रत्येक वस्तूच्या मालकाचं नाव पुकारलं जातं. घडीच्या चार खुर्च्या कुणाच्या? पोळपाट कुणी घेतला? नाव स्वतः वीसेक किलोंचीच होती, ती सह्याद्रीनं डोक्यावर उलटी घेतली. तिच्याखालून त्याला फक्त स्वतःचे बूट दिसत होते, तरी तो आतून हरिश्चंद्रगडाबद्दल बोलत होता.

टीपी लेकवर तंबू लागले तेव्हा ऊन उतरलं होतं. मामांनी अखेर मांडीवरचं ओझं गॅसवर चढवलं. आपल्या घरात डाळ-तांदळाला तीन शिट्ट्या. रानात लागोपाठ तीन शिट्ट्या म्हणजे ‘आम्ही संकटात आहोत, धावा’, हा इथला संकेत. आम्हाला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. त्या एकत्र कधी आल्या नव्हत्या. शांत पाण्यावरून आवाज फार लांब जातो. तिसरी शिट्टी झाल्यावर समोरच्या काठावरून एक नाव सुटली आणि बाणासारखी सरळ आमच्याकडे आली. त्यातलं जोडपं प्रथमोपचाराची पेटी घेऊन धापा टाकत उतरलं. “कोण जखमी आहे?”

मामांनी झाकण काढलं आणि दोन ताटल्या वाढल्या. वरणभात, वर तूप, आणि पिशवीला भोक पडून मामांच्या झोपायच्या पिशवीत मुरायला लागलेलं लोणचं. त्या दोघांनी दुसऱ्यांदा घेतलं. जाताना सांगून गेले, की अन्नाचा वास असलेलं सगळं झाडाला टांगा, चार मीटर उंच आणि खोडापासून दोन मीटर लांब, नाहीतर अस्वल येतं. कुकर कितीही घासला तरी त्याला वरणाचा वास होताच. म्हणून रात्री टॉर्चच्या उजेडात आम्ही उलटी दहीहंडी केली: गोविंदाला मिळू नये म्हणून हंडी चढवायची. ‘बोल बजरंग बली’ म्हणत आठ जणांनी दोरी ओढली. अस्वल फिरकलं नाही. सकाळी अन्नाची पिशवी खाली घेतल्यावर पाच मिनिटांत एका खारीनं चिवड्यातले सगळे शेंगदाणे खाल्ले आणि पोहे ठेवले.

त्याआधी, मध्यरात्री पाण्यावरून गळा काढल्यासारखा आवाज आला होता.

“जावईबापू, कोण रडतंय?”

“लून आहे मामा, पक्षी. इथल्या डॉलरच्या नाण्यावर असतो ना, तोच.”

“डॉलरवर बसून रडतोय?” म्हणाले आणि कुशीवर वळले.

घरी आल्यावर ‘पुढच्या वेळी’ अशी यादी करायला बसलो. खुर्च्या बाद, पोळपाट बाद, चारपैकी तीन दिवे बाद. आमरस प्लॅस्टिकच्या डब्यात. लोणचं दुहेरी पिशवीत, आणि ती सह्याद्रीकडे. मग मी जरा चाचरत कुकरचं नाव काढलं. खोली गप्प झाली. पुण्याहून व्हिडिओवर बसलेल्या मामांनी चष्मा पुसला.

“कुकर न्यायचाच,” ते म्हणाले. “फक्त डाळ सकाळीच भिजत घाला. दोन शिट्ट्यांत होते.”